सुनेचा कान

सासूबाईंनी खुंटी जराशी पिळली, एक लांबलचक सुरावट सर्रकन वाजवून संपवली आणि बँजो मांडीवरून उचलून काउंटरवर ठेवला, तोही पालथा.

"खोटा आहे."

"खोटा, बाई?" दुकानदाराने विचारलं.

"वरचे सूर चढतात. पुढचा दाखवा."

दुकानदाराने तो बँजो दोन्ही हातांनी उचलून भिंतीवरच्या खिळ्याला परत अडकवला. आधीचे सगळे असेच भिंतीवर परत गेले होते. दुसरं कुणी असतं तर त्याने एव्हाना दुकान बंद करायची वेळ झाली म्हणून सांगितलं असतं. पण त्याच्या डुगडुगत्या स्टुलावर बसल्या होत्या त्या बँजोबाई होत्या. फिरत्या नाटक कंपनीत त्यांनी उभं आयुष्य बँजो वाजवला होता आणि लहानपणी त्याने तो शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकला होता. आल्या आल्या त्याने हे सांगूनही टाकलं होतं. "हो, जायचा तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज," एवढंच म्हणून बाईंनी ते कौतुक ठेवून घेतलं. कौतुकाला नको म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

सून दाराजवळ उभी होती, जाकिटाच्या खिशात हात घालून. ट्रक तिने गल्लीच्या तोंडाशी लावला होता आणि मधून मधून मान वळवून तो कुणाच्या वाटेत येत नाही ना ते बघत होती. ती लांब पल्ल्याचा माल वाहायची. चालवण्यात वेळ जायचा त्याहून जास्त गोदामाबाहेर आपला नंबर यायची वाट बघण्यात जायचा. बाकीचे ड्रायव्हर त्या वेळात पत्ते कुटत नाहीतर झोपा काढत. तिला बँजो शिकायचा होता.

"दादा, मला फार भारी नको," ती दुकानदाराला म्हणाली. "केबिनमध्ये राहणार तो. उन्हात तापणार, हादरे खाणार. हलका हवा, आणि चोरीला गेला तर मला रडू येऊ नये एवढाच चांगला हवा."

"ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या. "रडू येऊ नये म्हणे. अगं, ज्याच्यासाठी रडू येत नाही ते वाद्य कसलं? ते डबडं."

"मग डबडं दाखवा, दादा. पण सुरातलं."

"सुरातलं! तुला कळणार आहे का ते?"

दुकानदार हसावं की न हसावं या विचारात खोकला. सुनेने ते मनावर घेतलं नाही, निदान चेहऱ्यावर तरी काही दिसलं नाही. या बोलण्याची तिला सवय झाली होती. सबंध हिवाळा, घरी असेल त्या प्रत्येक दुपारी, ती सासूबाईंच्या बँजोवर त्यांच्यासमोर बसून शिकली होती. खालचे सूर ठीक यायचे. बोट दांडीवर वर सरकलं की सासूबाई डोळे मिटून ओरडायच्या, "उतरला! पुन्हा!" ती पुन्हा वाजवायची आणि तो पुन्हा उतरायचा. एकदा ती भीत भीत म्हणाली होती, की मला वाटतं बँजोच तसा वाजतोय. त्यावर "नाचता येईना अंगण वाकडं" हे तिला पुढे आठवडाभर जेवताना, भांडी आवरताना आणि ट्रकमध्ये चढतानासुद्धा ऐकावं लागलं. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला होता: हिला हौस आहे, कान नाही.

असा निकाल देताना त्यांना आनंद झाला होता असं मात्र नाही. पोटच्या मुलाकडून त्यांनी आशा कधीच सोडली होती. त्याला टाळी वाजवायला सांगितली तर तीही चुकीच्या ठिकाणी वाजायची. बोटं आता सकाळी उठल्यावर वळत नव्हती, डॉक्टरांनी नुसती मान हलवली होती, आणि आपल्या हातातलं सगळं आपल्याबरोबरच जाणार, हे त्यांना आतून खात होतं. सून घरात आली आणि आपण होऊन बँजोजवळ बसली, तेव्हा त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना ते सांगून टाकलं होतं. म्हणूनच राग जास्त होता. आजही त्या आल्या होत्या त्या एका बोलीवर. बँजो मी निवडणार. आणि घेतल्यावर तुला एक सूर जरी नीट ओळखता आला तर पुढे शिकवीन, नाहीतर तू आणि तुझा ट्रक.

दुकानदाराने माळ्यावरून एक खोकं काढलं. आत साधासा बँजो होता, पाठ उघडी, नक्षीबिक्षी काही नाही, तोंडावर कातड्याऐवजी प्लास्टिक ताणलेलं.

"हा आजच आलाय, बाई. अजून नीट लावलेला नाही मी. याची तारांखालची घोडी अजून..."

"द्या इकडे."

बाईंनी तारा भराभर जुळवल्या आणि तीच सुरावट वाजवली. मग शेजारी ठेवलेला स्वतःचा जुना बँजो घेऊन तीच वाजवली. मग परत नव्यावर. त्यांचा चेहरा खुलला.

"हा! हा बोलतोय. ऐका, अगदी माझ्यासारखा. इतका वेळ भिंतीवरची रद्दी कशाला दाखवत बसलात?"

"पण बाई, घोडी..."

"घोडी राहू दे. माझे कान आहेत ना जागेवर?"

बँजोबाईंच्या कानाला आव्हान द्यायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दुकानदाराने तो बँजो सुनेच्या हातात दिला आणि नेहमी नवशिक्यांना सांगायचा ते तिला सांगितलं, थोड्या हळू आवाजात.

"वहिनी, वाजवता येत नसलं तरी एक करून बघा. तार मोकळी छेडा. मग तारेच्या बरोब्बर मध्यावरचा हा पडदा, दांडीवरची ही पट्टी, यावर बोट ठेवून तीच तार छेडा. सूर तोच आला पाहिजे, फक्त वरच्या सप्तकात. एवढं जमलं की बँजो खरा. बाकी रंगबिंग काय, नंतर बघता येतं."

सुनेने मोकळी तार छेडली. मग मध्यावर बोट ठेवलं, सरळ, आणि छेडली. तिने पुन्हा तेच केलं. मग दुसऱ्या तारेवर केलं. तिचं बोट तिथेच थांबलं.

चाकाचं बेअरिंग जायच्या आधी गुणगुणायला लागतं, ते तिला रेडिओ चालू असतानाही कळायचं. पण सुरातलं आपल्याला कळत नाही हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की तिचा स्वतःवर काडीचा विश्वास उरला नव्हता. ती भिंतीपाशी गेली आणि तिने एक बँजो काढून घेतला, त्यातल्या त्यात स्वस्त, सासूबाईंनी सगळ्यात आधी पालथा घातलेला. मोकळी तार. मध्यावर बोट. परत एकदा. तिने बोट उचललं आणि दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार काउंटरवरची न दिसणारी धूळ पुसत होता.

आता गप्प बसावं की बोलावं? गप्प बसलं तर बँजो मिळणार होता, सासूबाई खूश होणार होत्या, घरी शांतता नांदणार होती. पण मग तो बँजो तिच्या मांडीवर रोज उतरलेलाच वाजणार होता आणि रोज चूक तिची ठरणार होती. बोललं तर? परक्या माणसासमोर, तेही ज्याने लहानपणी शेवटच्या रांगेतून ऐकलंय अशासमोर, आईंना खोटं पाडायचं? तिचे तळहात ओले झाले. उतारावर भरलेला ट्रक उतरवतानाही ते कधी झाले नव्हते.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही निवडलेला उतरलेला वाटतो. वरचे सूर खाली पडतायत. आणि हा भिंतीवरचा बरोबर आहे."

दुकानदाराचं फडकं थांबलं.

"काय म्हणालीस?"

"मला तसं वाटतं."

"वाटतं! आता तू मला सूर शिकव. आण तो इकडे." सासूबाईंनी आपण निवडलेला बँजो जवळजवळ हिसकावून घेतला. मोकळी तार छेडली. मध्यावर बोट ठेवून छेडली. सूर लख्ख आला, खणखणीत, तोच. "ऐकलंस? कुठे उतरलाय? सांग ना, कुठे?"

सुनेने मान खाली घातली. खरंच उतरलेला नव्हता. मग आत्ता आपण ऐकलं ते काय होतं? तिने पुन्हा वर पाहिलं, या वेळी बँजोकडे न बघता सासूबाईंच्या बोटाकडे.

"परत वाजवा ना, आई."

"का? नीट ऐकू आलं नाही?"

"एकदाच."

सासूबाईंनी वाजवला. बोट पडद्यावर टेकलं आणि टेकताक्षणी इवलंसं कडेला सरकलं. तार जरा बाजूला ओढली गेली, ताणली गेली, आणि सूर होता तिथून वर चढून जागेवर जाऊन बसला. हे सगळं इतक्या पटकन झालं, की बघायचं ठरवून बघितलं नसतं तर दिसलं नसतं.

"तुमचं बोट तार ओढतंय," सून म्हणाली. "तुम्ही त्याला वर आणताय. म्हणून बरोबर येतो. आणि जो मुळातच बरोबर आहे त्याच्यावर ओढलं, की तो चढतो."

"काहीतरी बोलू नकोस. मी काय कालची पोर आहे, तार ओढायला?"

"मग तुमचा बँजो द्या मला. तुमचाच."

तो बँजो बाईंनी कधी कुणाच्या हातात दिला नव्हता. सुनेलासुद्धा तो त्यांच्यासमोर, त्यांच्या नजरेखालीच मिळायचा. त्यांनी सुनेकडे बघितलं. पोरगी घाबरली होती, पण हात पुढे केलेला तसाच होता. बाईंना त्या हाताचा राग आला आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, तो आवडलाही. त्यांनी बँजो दिला.

सुनेने मोकळी तार छेडली. मध्यावर बोट ठेवलं, सरळ, न हलवता, आणि छेडली.

सूर खाली पडला. फार नाही, पण पडला. सबंध हिवाळा ज्याच्यावरून ओरडा खाल्ला होता तोच, तसाच.

बाईंनी डोळे मिटले आणि हाताने खूण केली, परत. सुनेने परत छेडली. मग त्यांनी सुनेचं बोट स्वतःच्या हाताने पडद्यावर दाबून धरलं, हलू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने तार छेडली. तरीही तो पडलेलाच. अंगण खरंच वाकडं होतं.

दुकानदार काउंटरला वळसा घालून आला आणि वाकून बघू लागला. बँजोच्या तोंडावर जी छोटी लाकडी घोडी उभी असते, जिच्यावरून तारा जातात, ती कशानेच चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती उभी राहते, आणि जागची जराशी हलली तरी वरचे सूर चुकतात. बाईंच्या बँजोवर घोडीच्या शेजारी, नखाएवढ्या अंतरावर, तिच्या पायांचे जुने पुसट डाग होते.

"इथे होती ही आधी," तो हलकेच म्हणाला. "सरकलीय."

"सरकली नाही," बाई म्हणाल्या. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मीच ठेवली. एका खेळाच्या आधी सगळ्या तारा एकदम काढल्या, नव्या घालायला. घोडी पडली. खेळ सुरू व्हायला आलेला, सगळे हाका मारतायत. अंदाजाने ठेवली आणि गेले." त्यांनी त्या डागांवरून नख फिरवलं. "कंपनीतल्या पोरांना मी ओरडून ओरडून सांगायचे, एकावेळी एकच तार काढा म्हणून."

"किती वर्षं झाली असतील, बाई?"

बाई स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होत्या, चोरी करताना पकडलेल्या पोराकडे बघावं तसं. त्यानंतरची किती गावं, किती खेळ. शेवटच्या रांगेतली माणसं. त्यांना वाटलं, आपण इतकी वर्षं खोट्या वाद्यावर वाजवत होतो आणि आपल्याला, आपल्याला, कळलं नाही. त्यांनी आजवर नाकावर माशी बसू दिली नव्हती, आणि आता तोंड कुठे लपवावं ते त्यांना सुचेना.

सुनेने बँजो हळूच काउंटरवर ठेवला आणि त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"आई, तुम्हाला कळलं होतं."

"काय कळलं होतं? समजूत घालू नकोस माझी."

"समजूत नाही. बँजो उतरलेला होता, पण तुम्ही एकसुद्धा सूर उतरू दिला नाहीत. डोक्याला कळायच्या आधी बोटाला कळलं. रोज, प्रत्येक सुराला. कान नसता तर बोट कशाला हललं असतं?" ती जरा हसली. "माझं नाही हललं. मी नुसती उतरत राहिले."

"तू उतरत नव्हतीस," सासूबाई म्हणाल्या. "तू ऐकत होतीस."

एवढं बोलून त्या गडबडीने उठल्या, जणू आणखी काही बोलावं लागलं असतं तर अवघड झालं असतं. त्यांनी स्वतःचा बँजो पुढे ओढला, तारा सैल केल्या, आणि घोडी बोटाने जराशी, अगदी जराशी, जुन्या डागांवर ढकलली. स्टुलावर परत बसून, तारा ताणून वाजवायला गेल्या, तर बोटाने सवयीने ओढलंच आणि सूर चढून किंचाळला. दुकानदार दचकला. बाई मात्र खो खो हसत सुटल्या.

"घ्या! आता या म्हाताऱ्या बोटाला पहिलीत बसवा."

"मी आहे ना त्याच वर्गात," सून म्हणाली.

"तू पुढच्या बाकावर बस. मला मागचं आवडतं."

दुकानदाराने सुनेने भिंतीवरून काढलेला तो स्वस्त बँजो हातात घेतला, तारा दांडीपासून फार उंच नाहीत ना ते पाहिलं, एका सैल खुंटीचा स्क्रू पिळून दिला आणि सांगितलं की केबिन तापली तरी याच्या तोंडाचं प्लास्टिक कातड्यासारखं सैल पडणार नाही. सुनेने तो मांडीवर घेऊन बघितला. हलका होता. तिने मोकळी तार छेडली, मध्यावर बोट ठेवलं, आणि सूर आपोआप वर जाऊन बसला. तिने ते आणखी एकदा केलं, कारण नसताना. सासूबाईंची मान डोलली.

एवढ्यात आतल्या दारातून दुकानदाराची बायको चहाचे कप घेऊन आली. बँजोबाई आल्यात हे तिला आत कळलं होतं, त्यामुळे केस नीट करून, बशा काढून, जरा उशिराच आली होती. आधीचं तिने काहीच ऐकलेलं नव्हतं. काउंटरवरचे दोन बँजो बघून तिने कौतुकाने विचारलं,

"बाईंसाठी नवीन घेताय?"

"छे! मला कशाला?" सासूबाईंनी पाठ ताठ केली. स्टूल डुगडुगलं, पण त्या नाही डुगडुगल्या. "सुनेसाठी घेतोय. ट्रक चालवते ती, लांब लांब जाते. पण कान बघावा तिचा! असा कान मी कंपनीतसुद्धा पाहिला नाही. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

दुकानदाराने चहाचा घोट घेता घेता कपाच्या कडेवरून सुनेकडे पाहिलं. सून बँजो पिशवीत घालत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने चेन शेवटपर्यंत ओढून लावली.

"हो ना," ती म्हणाली. "मला कुठे ठाऊक होतं? आईंनीच सांगितलं."